एका बाजूचे दोन पाय

कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कोणी नव्हतं. धारवाडच्या मराठी शाळेत मी चित्रकला शिकवायची, पण परीक्षेला पहारा सगळ्याच विषयांना द्यावा लागे. माझा नियम सोपा. दोघांचं बरोबर उत्तर सारखं असलं तर सोडून द्यायचं. चूक सारखी असली की दोघांना उभं करायचं. निवृत्तीनंतर हाच नियम माझ्यावर उलटला.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर मण्णेत्तिन अमावास्या येते. त्या दिवशी काळ्या मातीची बैलजोडी करून पुजतात, कन्नड घरांत आणि आमच्यासारख्या मराठी घरांतही. गेल्या वर्षी या मातीच्या बैलावर दोन कार्टून सिनेमे आले. आधी हैदराबादच्या स्टुडिओचा, तीन आठवड्यांनी बंगळूरच्या स्टुडिओचा. दोन्हींत मातीचा बैल जिवंत होतो आणि तळ्यात सोडायच्या आधी घरातून पळून जातो. लोकांनी दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी लावून फोनवर फिरवले आणि बंगळूरवाल्यांनी ढापलं, असा निकालही देऊन टाकला.

बंगळूरच्या सिनेमातला बैल माझ्या एका विद्यार्थिनीने काढून चालवला होता. उणकलला माझ्या घरी आली ती डोळे सुजवूनच.

"बाई, मी त्यांचा सिनेमा बघितलेला पण नाही हो," ती म्हणाली. "गोष्ट सारखी असली तर असू दे म्हणतात, सण सगळ्यांचाच आहे. पण बैलाची चाल पण तीच कशी, विचारतात. आणि चाल चुकीची आहे म्हणे. सोमवारपर्यंत नीट सांगितलं नाही तर कामावर येऊ नको म्हणालेत साहेब."

तिने फोन माझ्यापुढे धरला. दोन्ही बैल एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलत होते. उंट असा चालतो, बैल नाही. आणि तो बैल माझा होता.

अमावास्येच्या आठवड्यात मी दर वर्षी फळ्यावर मातीचा चालता बैल काढायची आणि वर्ग तो उतरवून घ्यायचा. माझा जन्म हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातला, कापडाच्या दुकानावरच्या खोलीतला. त्या बाजारात माणसाला धड चालता येत नाही, तिथे बैल काय चालणार. मी आपला मनानेच काढला होता. एकदा अळणावरहून रेल्वेने येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, बैल असा चालत नाही." मी म्हटलं, "शिंगं फुटली काय तुला?" आणि त्याच्याकडून माझ्या पद्धतीचे वीस बैल काढून घेतले.

त्याच रविवारी मी गुपचूप अळणावरला जाऊन एका बैलगाडीमागून बरीच लांब चालले. त्याचं बरोबर होतं. सोमवारी मी वर्गात अवाक्षर काढलं नाही, आणि पुढची सगळी वर्षं बैल तसाच काढत राहिले. हट्ट, दुसरं काय. आणि भीतीही होती, बाईंचं चुकतं हे एकदा पोरांना कळलं की संपलं.

सोमवारी कडक इस्त्रीची साडी नेसून मी त्या पोरीच्या शेजारी बसले आणि तिच्या साहेबाशी व्हिडिओवर बोलले. मुलांची चित्रं मी कधी टाकून दिली नाहीत. वेगवेगळ्या वर्षांचे कागद एकेक करून दाखवले. सगळे बैल उंटासारखे निघाले होते.

"हिने कुणाचं चोरलेलं नाही," मी म्हटलं. "चूक माझी आहे." कागद खाली ठेवून पुढचंही सांगितलं. "आणि ती चूक आहे हे ठाऊक असून मी शिकवली."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा दाखवायला लावले. मग म्हणाले, "म्हणजे हैदराबादचा चित्रकारही तुमचाच?"

खोटं कशाला बोलू, त्या प्रश्नासरशी माझी लाज पळाली आणि ऊर भरून आला. दोन मोठ्या शहरांतले स्टुडिओ माझ्या फळ्यावरच्या बैलासाठी भांडत होते. पोरीची नोकरी वाचली, आणि मी आठवडाभर ताठ मानेने उणकलच्या तळ्याभोवती फिरले.

मग हैदराबादहून फोन आला.

"बाई, वीस बैल काढणारा बोलतोय."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "तुझं बरोबर होतं रे. मी तेव्हाच अळणावरला येऊन बघितलं होतं."

"ठाऊक आहे की," तो म्हणाला. "गाडी आमच्या अप्पांचीच होती. मी पुढे बसलेलो. तुम्ही मागून वाकून वाकून पाय बघत होता."

इतकी वर्षं याला माहीत होतं. माझी कानशिलं तापली. "मग सोमवारी बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो."

मी दुसरंच विचारलं, "आणि सिनेमात चुकीचा का काढलास? घरात बैलांच्या दोन जोड्या असलेला तू."

"शेतातला बैल मी बरोबरच काढतो, बाई. पण हा मातीचा. मातीचा बैल चालताना मी पहिल्यांदा तुमच्या फळ्यावर बघितला. त्याचे पाय बदलायला हात धजला नाही."