आगर खाणारे जिवाणू

लातूर नवा जिल्हा झाला आणि वडिलांनी नांदेडहून बदली मागून घेतली, चाकूरकडचं आमचं गाव जवळ पडतं म्हणून. मी तेव्हा नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला पहिली आले होते. समुद्रातल्या जिवाणूंवर शिकायला गोव्याला जायचा फॉर्मही आणून ठेवला होता. वडील म्हणाले, "नव्या जिल्ह्यात नोकऱ्या निघायल्यात, आधी चिकटून घे. शिक्षण कुठं पळून चाललंय?" मी लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून चिकटले. तीन वर्षांनी धाकट्या बहिणीनं तोच फॉर्म भरला, तर हेच वडील तिची ट्रंक उचलून स्टँडवर गेले. तिला सेकंड क्लास होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

पहिल्या उन्हाळी सुट्टीत ती घरी आली तेव्हा दुष्काळ होता. नळ कोरडे, टँकर येईल तेव्हा पाणी. घरात जागा मिळेल तिथं डबे, घागरी भरून ठेवलेल्या. बाईसाहेबांनी येताना काय आणलं, तर समुद्राच्या पाण्याचा एक डबा आणि जिवाणूंच्या तीन ट्यूबा.

स्वयंपाकघरात बसून ती आईला सांगत होती, की समुद्रात मेलेलं शेवाळ, मासे हे सगळं जिवाणू संपवतात. त्यांना तोंड नसतं, मोठा घास गिळता येत नाही. म्हणून ते आपला रस बाहेर सोडतात, समोरचं विरघळवतात आणि मग शोषून घेतात. त्या रसाला एन्झाइम म्हणायचं.

"म्हंजी आधी भायेर शिजवतंय अन् मग जेवतंय," आई म्हणाली.

बहीण हसत तिच्या गळ्यात पडली. मी हेच सगळं नांदेडला पाठ केलं होतं. आईनं मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचे जिवाणू तर आणखी वेगळे. जिवाणू वाढवायला आम्ही खाद्य आगर घालून जेलीसारखं घट्ट करतो. आगर समुद्री शेवाळापासूनच बनतो, आणि हिचे जिवाणू तो आगरच खायचे. जिथं वाढतील तिथं खड्डा. वर आयोडीन ओतलं की सगळं तपकिरी व्हायचं, खड्ड्यांभोवती तेवढं स्वच्छ राहायचं.

"अक्का, तिकडं पावसाळ्यात लाइटचा भरवसा न्हाई, फ्रीज बंद पडतो," ती म्हणाली. "ह्या तीन ट्यूबा तुझ्याजवळ राहू देत. दर पंधरा दिवसाला नव्या ट्यूबवर घे. खाद्य ह्या डब्यातल्या पाण्यातच बनव. माझं पुढचं संशोधन ह्यांच्यावरच हाय बघ."

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपवून ती गेली. चार दिवसांनी आईनं धुणं काढलं आणि नेमका तोच डबा उचलला. मी दारातच उभी होते, बघत राहिले.

"काय गं, साबणाला फेसच येईना."

"टँकरचं पाणी असंल," मी म्हणाले.

साधं मीठ घालूनही काम भागलं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी ट्यूबा कॉलेजच्या फ्रीजमध्ये तशाच पडू दिल्या. फ्रीजही अर्धा दिवस बंदच असायचा.

पावसाळ्यात तिचं पत्र आलं. तिकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, तिचे सगळे जिवाणू गेले होते. 'अक्का, आता तुझ्याकडंच काय ते आहे.'

ट्यूबा बाहेर काढल्या. दोन वाळून गेल्या होत्या. तिसरीतला आगर मात्र खचून पाणी पाणी झाला होता. मिठाच्या पाण्यात खाद्य बनवून काचेच्या प्लेटमध्ये ओतलं आणि ट्यूबमधला थेंब त्यावर ओढला. तिसऱ्या दिवशी प्लेटवर खड्डे. खरं सांगते, त्या लॅबमध्ये इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हे मी वाढवले होते, सेकंड क्लासवालीनं नाही.

मग मी ती प्लेट आणि ट्यूब प्रेशर कुकरमध्ये उकळून टाकली आणि तिला लिहिलं, 'तुझे जिवाणू वाचले नाहीत. लई प्रयत्न केला.'

तिला तसले जिवाणू पुन्हा सापडले नाहीत. संशोधन राहिलं. ती परत आली आणि आमच्याच कॉलेजात प्राध्यापक झाली. मी सहायकच राहिले. तिच्या प्रॅक्टिकलच्या प्लेटा मीच ओतते.

दरवर्षी एन्झाइमचा धडा आला की ती वर्गाला आपली गोष्ट सांगते. शेवटी माझ्याकडे हात करते. "माझे जिवाणू वाचवायला माझ्या अक्कानं जिवाचं रान केलं होतं." मुली मागं वळून माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान डोलावते.