सरकारांचं विमान आणि आमच्या सासूबाई

ऐंशीच्या दशकात एका छोट्या संस्थानाचे वारसदार आमच्या शेजारी राहायला आले. संस्थान केव्हाच गेलं होतं, तरी सगळी आळी त्यांना 'सरकार' म्हणे. साठी उलटलेली, पण कॉलेजच्या कोर्टावर टेनिस खेळताना माझ्या नवऱ्याला घामाघूम करून सोडत. तरुणपणी विमान चालवायला शिकलेले, आणि सिनेमे काढायचं भारी वेड. मासळीचा लिलाव, एसटीच्या टपावर चढणाऱ्या आंब्याच्या पेट्या, आमच्या अंगणात वाळणारी आंब्याच्या रसाची साठं, काही म्हणजे काही त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यातून सुटलं नव्हतं.

एका थंडीत त्यांनी मित्राचं दोन माणसांचं विमान गावाबाहेरच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, धावपट्टीवर आणवलं. वरून किनारा टिपायचा होता. विमान ते चालवणार, कॅमेरा माझा नवरा धरणार, असं ठरलं. आम्ही सगळे निरोप द्यायला गेलो. इंजिन सुरू झालं आणि नवरा म्हणाला, "माझ्या पोटात कसंतरी होतंय."

"अहो, अजून जमिनीवरच आहोत," सरकार म्हणाले.

"म्हणूनच आत्ता सांगतोय."

मी पुढे होणार, तेवढ्यात सासूबाईंनी नऊवारीचा पदर खोचला. "मी बसते. बटण कुठलं दाबायचं तेवढं सांगा."

"आई, अगं..."

"तू गप्प. पोट सांभाळ."

वीस मिनिटं आम्ही माना वर करून उभे होतो. उतरल्यावर सासूबाईंचा अंबाडा पार सुटला होता आणि सरकार खूश होते. "वहिनींचा हात जरासुद्धा हलला नाही!"

फिल्म मुंबईला धुवायला गेली, ती महिन्याने परत आली. एका संध्याकाळी आमच्या ओटीवर चादर ताणून सरकारांनी थाटात प्रोजेक्टर लावला. अर्धी आळी जमली होती. पडद्यावर सरकारांचा कान आला. मग मिशी. मग काहीतरी गुणगुणणारे ओठ. किनारा औषधालासुद्धा नव्हता.

"वहिनी, समुद्र कुठाय?"

"समुद्र काय, रोजच दिसतो," सासूबाई म्हणाल्या. "विमान चालवणारा माणूस कधी बघायला मिळतो?"

आम्ही पोट धरून हसलो. सरकार हसले नाहीत. त्यांनी रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. "एवढी वर्षं दुसऱ्यांनाच टिपत आलो," ते हळूच म्हणाले. "वर गेलो की मी इतका आनंदात असतो, हे मला ठाऊकच नव्हतं."

तिसऱ्यांदा रीळ लावलं, तेव्हा मात्र सासूबाई चहा टाकायला उठल्या.