काकूंची कागदी प्लेट

वरणाने भिजलेल्या कागदी प्लेटचा वास आला की ऐंशीच्या दशकातला, अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनोतला तो रविवार आठवतो. मी तिथे शिकत होतो आणि माझ्या म्हाताऱ्या अमेरिकन घरमालकाबरोबर लायब्ररीत बसायचो. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका खेड्यात राहिलेल्या त्याच्या पूर्वजाचा माग आम्ही चर्चच्या जुन्या नोंदींत काढत होतो. अखेर पूर्वजाचं काम सापडलं: गावातली मेलेली गुरं ओढून नेणं, सोलणं. म्हातारा आनंदाने ओरडलाच, भेटेल त्याला अभिमानाने सांगत सुटला. मलाही ते वारं लागलं. दर रविवारी मला जेवायला बोलावणाऱ्या, ‘तू आमच्या घरचाच रे’ म्हणणाऱ्या तिथल्या एका मराठी काकूंना मी ही गंमत सांगितली आणि भरात बोलून गेलो, ‘‘माझे आजोबाही गावात हेच करायचे.’’ काकू नुसत्या ‘‘हो का?’’ म्हणाल्या. पुढच्या रविवारी सगळ्यांपुढे स्टीलची ताटं होती, माझ्यापुढे कागदी प्लेट. ‘‘घासायचा त्रास नको, यूज करून फेकून दे,’’ काकू गोड हसल्या. आजही पिकनिकला मी घरून स्टीलचं ताट नेतो. मुलगी हसते. हसू दे. घरातली सगळी ताटं घासणाऱ्या काकूंना माझं तेवढं एक जड झालं होतं.