नांदायला गेलेलं पुस्तक

जगात पुस्तकं वाचणारे पुष्कळ आहेत, जमवणारे आहेत, ढापणारे तर घरोघरी आहेत. पण पुस्तकासाठी स्थळ पाहायला जाणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. खामगावच्या एका जिनिंगमध्ये कपाशीची प्रतवारी करण्यात मामांची सगळी नोकरी गेली. दोन मुलगे, दोघंही पोटापाण्यासाठी लांब. मुलगी नाही. ती हौस मामांनी पुस्तकांवर भागवून घेतली. त्यांच्या घरात बसायच्या खोलीपासून देवघरापर्यंत पुस्तकंच आहेत, आणि प्रत्येकाला मामींच्या जुन्या लुगड्यातलं कापड बेतून शिवलेलं कव्हर आहे. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला मामा वाचक म्हणत नाहीत, पाव्हणे म्हणतात. पाव्हण्यांना पाणी देतात, बसवतात आणि सांगतात, "मी येतो एकदा घर पाहून."

आणि खरोखर जातात. गल्लीतल्या एका वकिलांनी एकदा एक जाडजूड कादंबरी मागितली. मामा धुतलेलं धोतर नेसून त्यांच्याकडे चहाला गेले. पुस्तक कोणत्या भिंतीला ठेवणार, त्या भिंतीमागे न्हाणी तर नाही ना, लोणच्याची बरणी किती लांब आहे, घरात जेवताना वाचायची सवय कोणाला, सगळं बारकाईनं विचारून झालं. वकीलसाहेब साक्षीदारासारखे उत्तरं देत होते. तेवढ्यात कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या वडिलांनी जिभेला बोट लावून पान उलटलं. मामांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठले. "घर चांगलं हाय, माणसं चांगली हायेत, पण म्हाताऱ्याचं बोट ओलं हाय," एवढं सांगून ते घरी आले. स्थळ मोडलं. वकिलांनी बरेच दिवस वडिलांवर पाळत ठेवली, त्यांची ती खोड मोडली आणि मामांना पुन्हा निरोप धाडला, तेव्हा कुठे कादंबरी त्या घरात पडली. म्हातारबुवा मात्र अजूनही मामा दिसले की हात मागे लपवतात.

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मामांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "वाचता वाचता उठा लागलं तं खूण कशी ठेवता?" मी सरळ मनानं सांगितलं, पानाचा कोपरा दुमडतो. मामांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे असं पाहिलं की मला दोन बायका आधीच्या आहेत असं वाटावं. शेवटी सासऱ्यांनी त्यांना बाहेर नेऊन काय समजावलं देव जाणे, लग्न झालं. भाची मला दिली, पुस्तक मात्र आजतागायत दिलेलं नाही.

पास झालेल्या माणसाकडे पुस्तक जायचं तेही असंतसं नाही. मामा कव्हरला हळदीकुंकू लावतात, वर चार तांदळाचे दाणे टाकतात आणि पुस्तकालाच सांगतात, "नांद बापा चांगलं." मग वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या पुस्तकांनी माहेरी यायचं. आमच्या भागात आखाजीला लेकी माहेरी येतात, तर पुस्तकांनी काय घोडं मारलंय, असा मामांचा बिनतोड मुद्दा. त्या दिवशी पाव्हणे मंडळी बगलेत पुस्तक घेऊन येतात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस ओरपतात आणि मामा एकेक पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं करून पाहतात. एका हेडमास्तरांनी एकदा पुस्तक जसंच्या तसं, कोरं करकरीत परत आणलं होतं. त्यांना वाटलं, मामा शाबासकी देतील. मामांनी पानं चाळली, वास घेतला आणि उदास होऊन म्हणाले, "हे नांदलंच नाही मास्तर. नुसतं बसून आलं." मास्तरांना त्या दिवशी रस गोड लागला नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट फक्त घरच्यांना ठाऊक होती. मामी गेल्यापासून मामा स्वतः एक ओळ वाचत नव्हते. पूर्वी ते रोज वाचायचे, तेही मोठ्यानं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. मामी आत तुरीची डाळ निवडत, फोडणी घालत ऐकायच्या. चुलीवरचं पाहायची वेळ झाली की त्या हळदीचं बोट वाचत्या ओळीशी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "इथं थांबा." मामा थांबायचे. म्हणून त्यांच्या जुन्या पुस्तकांत जागोजागी पिवळे ठसे आहेत. मामी गेल्यावर मामांनी चष्मा डबीत घातला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ऐकनारंच कोनी नाही, तं वाचाचं कोनाले?"

त्या पुस्तकांतही मामींचं सर्वांत लाडकं पुस्तक म्हणजे एक भलीमोठी कौटुंबिक कादंबरी. ती किती वेळा वाचून झाली असेल याचा हिशेब नाही. शेवटच्या आजारपणातही मामींनी तीच वाचायला लावली होती. हे पुस्तक कधीच कोणाला मिळालं नाही. मिळालं ते एकट्या ज्योतीला. ज्योती त्यांच्या शेजारची मुलगी, लहानपणापासून मामींजवळ बसून ते वाचन ऐकलेली. तिचं लग्न वडनेर भोलजीला भाजीपाला पिकवणाऱ्या घरात झालं. सासरी जाताना ती मामांच्या पाया पडली आणि तेच पुस्तक मागून बसली. मामांनी घर न पाहता दिलं. त्यांच्या हातून नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला.

आणि नंतर आलेल्या आखाजीला नेमकं तेच पुस्तक आलं नाही. ज्योतीचा फोन आला होता, "मामा, या टायमाले नाही जमत, थोडे दिवस थांबा." मामांनी त्यातून सासुरवासाची सगळी कथा रचली. सासरचे पाठवत नाहीत, पुस्तकाचे हाल चाललेत, पानं भाजी बांधायला गेली असतील, इथपर्यंत त्यांची मजल गेली. पाव्हणे जेवून गेले, मामांनी रसाच्या वाटीला हात लावला नाही. "तिचं बोट हाय त्याच्यात, जवाईबापू," एवढंच ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना गाडीत घालून वडनेरला निघालो. वैशाखाचं ऊन गाडीच्या टपावर तापत होतं. मामा मागच्या सीटवर रिकामी पिशवी मांडीवर धरून बसले होते. नांदुरा गेलं तरी बोलले नाहीत.

वडनेरला ज्योतीच्या घरामागे निंबाखाली बायका सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. ज्योती धावत आली, पाणी दिलं, बाज टाकली. मामा बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "पुस्तक कुठी हाय?"

ज्योतीची सासू, चांगली ठणठणीत बाई, जुडी बांधता बांधता म्हणाली, "कोनती वाटनी पायजे तुमाले?"

मामांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण तिच्या मांडीशी पुस्तकाचा एक तुकडा पडलेला दिसत होता. वावराच्या करतात तशा त्या माउलीनं पुस्तकाच्या वाटण्या केल्या होत्या. विळ्यानं शिवणीवर बरोबर कापून, प्रत्येक भाग पोती शिवायच्या दाभणानं शिवून, वर खताच्या गोणीचं प्लास्टिक चढवलेलं. एक वाटणी ज्योतीकडे, एक सासूकडे, एक शेजारणीकडे. मामांनी पहिली वाटणी हातात घेतली. ज्यानं ओल्या बोटापायी स्थळ मोडलं, त्याच्यापुढे हे.

"कराच लागल्या," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दुपारी जुड्या बांधताना एकीनं वाचाचं अन् बाकीच्याईनं ऐकाचं असं ठरलं होतं. पन या सगळ्या लबाड. कोनी मागून गुपचूप पुढचं वाचे, अन् काम करता करता सांगून टाके. भांडनं लागली. मंग मी म्हनलं, ज्याची वाटनी त्याच्यापाशी. आपली पाळी आली की आनाची."

"आणि शेवट?" मी विचारलं.

"शेवट घरात ठेवला असता तं कोनी वाचल्याबिगर राह्यली असती का? तो मी सुलतानपूरले धाडला, पोरीच्या सासरी."

ती पोर, म्हणजे ज्योतीची नणंद, तिथेच बसली होती. आखाजीला माहेरी आली होती आणि येताना शेवट पिशवीत घालून घेऊन आली होती. ती आल्याशिवाय शेवट वाचायचा नाही असं ठरलेलं, म्हणून पुस्तक मामांकडे येऊ शकलं नव्हतं. "इतके दिवस घरात होता, तुम्ही वाचला नाही?" मी तिला विचारलं. "मायनं शपथ घालेल होती," ती म्हणाली. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. माझाही विश्वास बसला नाही.

मामा अजून पहिल्या वाटणीची पानं उलटत होते. ज्योती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, पिवळं बोट आलं की आमी तिथंच थांबतो. वाटन्या झाल्यापासून एक दिवस बी पुढं गेलो नाही. म्हून तं इतका टाइम लागला."

"थांबाचंच असते ना?" सासूबाई म्हणाल्या. "आमाले आधी वाटलं, छापनाऱ्यानंच देल्लं हाय. पन मंग मी म्हनलं, नाही, हे कोन्या तरी जानत्या बाईचं काम हाय. बराबर सयपाकाच्या टायमालेच बोट येते."

मामा बाजेवर बसले. इतक्या वेळानं बसले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी डोळे पुसले, आणि कोणापासून लपवलंही नाही. मलाही गलबलून आलं. ज्या पुस्तकाचे हाल झाले म्हणून आम्ही भांडायला आलो होतो, त्या पुस्तकातल्या बाईच्या शब्दाबाहेर या बायका जात नव्हत्या, आणि तिला त्यांच्यातल्या ज्योतीखेरीज कोणी पाहिलंही नव्हतं.

"बोट कोनाचं ते ज्योतीनं सांगतलं नाही तुमाले?" मामांनी विचारलं.

"सांगतलं ना. मामीचं म्हने. तवापासून तं जास्तच थांबतो," सासूबाई म्हणाल्या. मग नणंदेच्या हातातून त्यांनी शेवटची वाटणी घेतली आणि मामांसमोर धरली. "आता आलेच हा, तं तुमीच वाचा. ज्योती म्हनते, तुमच्यासारखं कोनी वाचत नाही."

मामांनी खिसे चाचपले. चष्मा आणलेला नव्हता, कसा असणार? सासूबाईंनी आपला दिला, एका काडीला दोरा बांधलेला. पहिली दोन पानं मामा अडखळत वाचत होते. मग हळूहळू लय लागली. जुड्या बांधणारे हात सावकाश झाले. गोष्टीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी मामा असे काही रागावले की शेजारीण दचकली. मी इतक्या वर्षांत त्यांचं वाचन कधी ऐकलं नव्हतं; आपण कशाला मुकलो होतो ते मला तेव्हा समजलं. शेवटाकडे, अगदी ऐन भरात आलेलं असताना, मामा एकाएकी गप्प झाले.

"काऊन थांबले?" नणंद म्हणाली.

"बोट आलं," मामा म्हणाले.

जीव सगळ्यांचाच टांगणीला लागला होता, पण कोणी हट्ट धरला नाही. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "थांबाचं तं थांबाचं. ज्योती, च्या ठेव." चहा झाला, कपबश्या विसळून झाल्या, मग मामांनी उरलेली पानं वाचली. गोष्ट संपली तेव्हा नणंद सगळ्यांत जास्त रडली, त्यावरून तिनं शेवट वाचला नव्हता हे सिद्ध झालं आणि तिच्यावरचा आळ गेला.

निघताना सासूबाईंनी सगळ्या वाटण्या एका धुतलेल्या खणात बांधून मामांपुढे ठेवल्या, वर नारळ ठेवला. लेक माहेरी निघाल्यासारखीच ती तयारी होती. मामा गाठोड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गाठ सोडली, पहिली वाटणी तेवढी उचलून पिशवीत घातली आणि बाकीचं गाठोडं परत सासूबाईंच्या हातात दिलं.

"ही माह्यी वाटनी," ते म्हणाले. "पेरन्या झाल्या की पुन्हा सुरू करा. मी आल्याबिगर सुरुवात होनार नाही."

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "मुक्कामालेच या."

परतीच्या वाटेवर मामा पुढच्या सीटवर बसले. नांदुऱ्यापर्यंत बोलतच होते. मध्येच म्हणाले, "चांगलं नांदून राह्यलं, जवाईबापू," आणि पुढे गोणीच्या प्लास्टिकबद्दल, पाण्यापावसात ते कसं सोयीचं आहे याबद्दल, बरंच काही सांगितलं.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचत होते. वडनेरला जायचंय, म्हणून सराव चालू आहे असं म्हणाले. मी पुस्तकाला हात लावायला गेलो तर त्यांनी ते मागे ओढलं. "हाती देनार नाही. कोपरे दुमडता तुमी. ऐकाचं असन तं बसा." मी बसलो. थोड्या वेळानं पिवळं बोट आलं आणि मामा थांबले. उठून आत गेले. शेगडीवर काहीच नव्हतं, मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. आत ते थोडा वेळ नुसतेच उभे राहिले, मग दोघांपुरता चहा करून घेऊन आले आणि पुढचं पान उघडलं.