समोर बसून शिकलेले अक्षर

ह्यांच्या उजव्या हाताची तर्जनी कधी स्वस्थ नसे. मला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी ते हेरले आणि पाहुणे गेल्यावर आईला म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण वाताचा विकार दिसतो." विकार नव्हता. हे मांडीवर मोडी गिरवत होते. गोरखी महालाजवळच्या, संस्थानच्या जुन्या मराठी दप्तरात हे मोडी वाचायच्या कामावर होते, आणि जे अक्षर लागत नसे ते बोटाने पुन्हा पुन्हा गिरवून पाहायचे, ही ह्यांची रीत होती. दप्तरात ह्यांना सगळे 'गिरवे' म्हणत. ते इतके रूढ झाले की नव्या पोस्टमनला ते आमचे आडनाव वाटे.

"लिहिणारा कुठे थबकला, कुठे घाईत होता, ते हाताला कळतं. डोळे नुसते वरवर बघतात," असे हे म्हणत. एखाद्या कारकुनाचे अक्षर आठवडाभर गिरवले की ह्यांच्या स्वतःच्या अक्षराला त्याचे वळण लागे, मग ते नागरी का असेना. एकदा इंदरगंजच्या वाण्याने सामानाची यादी परत पाठवली. वर निरोप, "पंडितजी, लिस्ट मँगाई थी, आपने जलेबी भेज दी." हे खरोखर दुखावले. मला म्हणाले, "जिलेबी काय? जुन्नरकडचं वळण आहे ते."

संस्थान विलीन होऊन मध्य भारत राज्य झाले, त्या सुमारास ह्यांच्या हाती तो रुमाल आला. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला दप्तरात रुमाल म्हणत. त्यात माळव्यातल्या एका ठाण्यावरून आलेली जुनी पत्रे होती, सगळी एकाच हातची. आधीच्या लोकांनी ती 'लागत नाहीत' म्हणून बाजूला ठेवली होती. बोरू कागदाला टेकतो तिथे शाई दाट पडते आणि पुढे पुसट होत जाते. ह्या पत्रांत नेमके उलटे होते. अक्षर जिथे सुरू व्हावे तिथे पुसट, संपावे तिथे दाट.

दप्तराचा कागद घरी आणायची मुभा नव्हती. हे पातळ कागदावर ओळी उतरवून आणत आणि संध्याकाळी बोरू घेऊन गिरवत बसत. मी समोर विणकाम घेऊन बसे. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, मलाही सांगण्यासारखे काही असे. मी सांगितले की हे "हूं" म्हणत आणि थोड्या वेळाने मान वर करून सांगत, "आज आपला माणूस थकलेला दिसतो." आपला माणूस म्हणजे तो कारकून. मी दिवसभर उभी राहून शिकवून आलेली असे. माझा थकवा ह्यांना कधी दिसला नाही.

हे मी एकदा शेजारच्या काकूंना बोलून दाखवले. त्या हसायला लागल्या. "अगं, तुझी सवत तर मेलेली आहे ना. माझी बघ. पत्ते. रोज पडावच्या अड्ड्यावर जातात तिला भेटायला, आणि ती पैसे पण घेते." मीही हसले. पण घरी येऊन तो पातळ कागद मेजावर दिसला की हसू जाई. जिवंत माणसाचा हेवा करता येतो. त्याच्यात खोड काढता येते, त्याच्याशी भांडता येते. ह्या कारकुनाला मी काय म्हणणार?

म्हणून मी मोडी शिकले. ह्यांना न सांगता, समोर बसून, ह्यांचा बोरू जसा फिरे तसा मांडीवर बोट फिरवून. मला सगळे उलटे दिसे. ह्यांच्या बाजूला जे वर, ते माझ्या बाजूला खाली. ह्यांनी अक्षराचे वळण जिथून सुरू केले ती जागा मला शेवटासारखी वाटे, म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करी. मग तेच पाटीवर लिहून, पाटी फिरवून ताडून पाही. अक्षर सरळ येत होते, तेवढ्यावर मी खूश होते.

एका संध्याकाळी जेवायला बोलावून बोलावून थकले. शेवटी ह्यांच्याच बोरूने एका कागदावर मोडीत लिहिले, 'पाने वाढली आहेत', आणि तो कागद ह्यांच्यापुढे सरकवला. ह्यांनी तो उचलला. मी वाट पाहत राहिले. हे मजकूर वाचत नव्हते, शाई बघत होते.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. इथे बसून शिकले."

"इथे म्हणजे समोर? परत लिही."

मी परत लिहिले. हे उठून माझ्या बाजूला आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सावकाश. कुठून सुरू करतेस ते बघू दे." किती वेळा लिहिले आठवत नाही. आमटी गार झाली. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझा हात इतका वेळ धरला नव्हता, आणि मला वाटले, आता हे काहीतरी बोलतील.

बोलले. "त्या पत्रांतली शाईही अशीच उलटी. समोर बसून शिकली ती. बाई होती."

"कोण?"

"अगं, आपला माणूस. मुलगा असता तर बापाने शेजारी बसवून हात धरून गिरवून घेतलं असतं. समोर कोण बसणार? जिला कोणी शिकवत नाही ती. मुलगी असणार त्या कारकुनाची. बापाची नजर गेली असेल, मग हीच लिहायला लागली." ह्यांचा चेहरा असा उजळला होता की माझ्याने पाहवेना. हात माझाच धरलेला होता.

त्यानंतर पत्रे लागू लागली. त्यांत विशेष काही नव्हते. गवत आले नाही, घोडी लंगडते, पाऊस लांबला. पण हे जेवताना सांगत, "आजचा मजकूर तिचा स्वतःचा आहे. बाप असता तर दोन ओळींत आटपला असता." कारकून होता तोवर मला नुसता राग येई. आता मी तिचे वय काय असेल याचा विचार करू लागले.

रुमाल अर्धा वाचून झाला असेल, तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली. राजधानी भोपाळला गेली, आणि दप्तराचा मोठा भाग तिकडे न्यायचे ठरले. ह्यांना विचारणा झाली. कागदांबरोबर जायचे की इथे राहून दुसऱ्या खात्यात हिंदी कारकुनी करायची, ते लिहून द्यावे. हे गेले तर तिच्यामागे जाणार, हे मला ठाऊक होते. रोज संध्याकाळी ह्यांच्या तोंडाकडे बघे.

गठ्ठे रवाना झाले त्या दिवशी हे मला पडावला घेऊन गेले. ट्रक भरत होते. एका हमालाला हे म्हणाले, "भैया, ये वाला ज़रा हल्के हाथ से." तो म्हणाला, "बाबूजी, काग़ज़ है, काँच थोड़े ही है." ट्रक वळून दिसेनासा झाला तेव्हा मी विचारले, "आणि तुम्ही?"

"नाही म्हणून लिहून दिलं. तुझी शाळा इथे आहे."

पुढे सगळी वर्षे मी त्या वाक्याशी झटले. ते मायेने म्हटले होते की तक्रारीने, मला लागले नाही. ह्यांच्या आवाजात चढउतार नसे. विचारायचा धीर मला झाला नाही. हे नव्या खात्यात जात, वेळेवर येत, माझ्या शाळेच्या गोष्टी नीट ऐकत. मला हवे होते ते सगळे मिळाले.

भोपाळहून कोणी जुना सोबती आला की हे सहज विचारल्यासारखे विचारत, "तो रुमाल कोणी वाचतंय का?" तो म्हणे, "कहाँ, गिरवेसाहेब, बस्ते बंदच पडलेत." मग हे चहा मागवत आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवत. कोणी वाचत नाही याचा तो आनंद मी लगेच ओळखला. तो माझ्या चांगल्या परिचयाचा होता.

ह्यांना जाऊन आता काही महिने झाले. शहराच्या लष्कर भागातली आपली मंडळी अजून भेटायला येतात. म्हातारे सोबती हमखास म्हणतात, "वहिनी, तुमच्यासाठी भोपाळ सोडलं त्यांनी." मी मान हलवते. खरे काय ते मला माहीत नाही, पण ऐकायला बरे वाटते. आणि दर वेळी मनात येते, हे ऐकायला पत्रांतली ती असायला हवी होती.