झोपेची राखण

बेघर पुरुषांसाठी फक्त दिवसा चालणाऱ्या निवाऱ्याचं कुलूप तिथल्या मावशी सकाळी देवाचं नाव घेऊन उघडायच्या. आत एक लांबट खोली, भिंतीकडेनं बाकं, मागे मोरी. माणसं यायची, अंघोळ करायची, कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायची, चहा-पाव घ्यायची आणि बाकावर आडवी व्हायची. संध्याकाळी पुन्हा रस्ता होताच.

इथला कायदा एकच, झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही. बाहेर यांना उठवतं कोण? शिपाई काठीनं, दुकानदार लाथेनं, नाहीतर चोर खिसा चाचपून. त्यामुळे अंगाला बोट लागलं तरी माणूस मुठी आवळूनच जागा व्हायचा. मावशी लांब उभ्या राहून कपावर चमचा वाजवायच्या.

झोपेची किंमत त्यांना ठाऊक होती. नवरा जन्मभर रात्रपाळीला. एका खोलीत तीन पोरं, त्यांना भरदुपारी तोंडावर बोट ठेवून सांभाळायचं म्हणजे काय चेष्टा आहे? दाराशी पाट टाकून बसायच्या, फेरीवाला ओरडत आला की लांबूनच हातानं ‘पुढे हो’ म्हणायच्या. पुढे नवरा गेला, पोरं संसाराला लागली, आणि मावशी इथं येऊन परक्यांच्या झोपा राखू लागल्या.

एका सकाळी नेहमी येणारा वायरमन आला. घर सुटलेला माणूस, पण हातातला पक्कड-पेचकसाचा रुबाब गेला नव्हता.

“मावशी, गोदामात रखवालदाराची जागा आहे. मालकानं चारला बोलावलंय. तीनला उठवाल ना?”

“उठवते रे बाबा. शर्ट तेवढा धुऊन घाल.”

शेजारच्या बाकावर आजोबा होते. त्यांचे दात सगळे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. “रखवालदार, आणि त्याला उठवायला माणूस लागतो! देवच राखो ते गोदाम.”

रात्री झोपायचा त्या पुलाखाली पाणी साचल्यापासून वायरमनला पाठ टेकायला कोरडी जागा मिळाली नव्हती. तीनला मावशी कप-चमचा घेऊन गेल्या, तर तो हातपाय सैल सोडून झोपलेला. एरवी चपला उराशी धरून मुटकुळं करणारा माणूस, आज चपला खाली पडल्या तरी त्याला पत्ता नव्हता. मावशींचा हात काही चालेना. ‘झोपू दे पाच मिनिटं,’ म्हणत त्या गच्चीवर गेल्या. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावलं. मग बाकीच्यांचेही कपडे घड्या घालत बसल्या. खाली आल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

वायरमन उठून बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“किती दिवसांनी कामाचं दार उघडलं होतं, मावशी,” तो एवढंच म्हणाला.

मावशींनी शर्ट पुढे केला. “शर्ट घाल. चल माझ्याबरोबर.”

गोदामावर मालक निघायच्या बेतात होता. “चारचं सांगितलं होतं. होतास कुठं?”

वायरमन काही रचून सांगणार, तोच मावशी म्हणाल्या, “झोपला होता.”

मालक खो खो हसला. “खरं बोलायलाही हद्द असते, बाई! झोपाळू रखवालदार घेऊन आलात?”

“उठवायचं काम माझं होतं, मीच चुकले. पण मी रात्रपाळीवाल्याबरोबर संसार केलाय. रखवालदार दिवसा कुठं झोपतो, ते आधी विचारावं. ज्याला दिवसा झोप नाही, तो रात्री तुमच्या दाराशी घोरतो. हा दिवसा आमच्याकडे झोपेल. त्याच्या झोपेची राखण मी करीन, तुमच्या गोदामाची तो करेल.”

मालकानं डोकं खाजवलं. आधीचा माणूस घोरण्यापायीच घालवला होता. “आजची रात्र बघू. डुलकी दिसली तर उद्या येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधीच वायरमन पायरीवर हजर. डोळे तांबारलेले, पण हसू कानापर्यंत.

“आजही बोलावलंय. मावशी, पाचला उठवा हं. तुमचा भरवसा नाही, म्हणून आजोबांनाही सांगून ठेवतो.”

दुपारी आजोबाच आधी घोरू लागले. मावशी दाराशी स्टूल टाकून बसल्या. पाच वाजले, आणि सैल पडलेला तो चेहरा बघून त्यांचा हात पुन्हा अडखळला. ‘देवा, हात घट्ट कर रे माझा,’ म्हणत त्यांनी कपावर चमचा वाजवला.

वायरमननं एक डोळा उघडला. “पाचच मिनिटं, मावशी.”

“अर्धंसुद्धा नाही! ऊठ!”