उघडून सांगितलेला ससाणा

उस्ताद मुक्बिल बावीस वर्षं आमच्या डोंगरावरच्या शाळेत सातवी-आठवीला भाषा शिकवत होते. त्यांच्या फळ्यावर कायम दोन उभ्या रेघा आणि तीन रकाने. पहिल्यात कवीनं काय म्हटलं, दुसऱ्यात कुणाला म्हटलं, तिसऱ्यात का म्हटलं. उपमा असो, रूपक असो, दगडाला माणसासारखं बोलायला लावलेलं असो, तीन रकान्यांतून सुटका नव्हती.

"चंद्र म्हटलंय म्हणून चंद्रावर थांबू नका, गाढवांनो. चंद्र कोण? नाव घ्या."

मला एकदा म्हणाले, "तुझं डोकं म्हणजे उन्हाळ्यातलं टाकं. हे काय झालं?"

"रूपक, उस्ताद."

"साम्य?"

"दोन्ही कोरडी, उस्ताद."

वर्ग हसला, तेही हसले. असं नेमकं उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा पोट भरल्यासारखा व्हायचा.

माझ्या शेजारी शाइफ बसायचा. गावातलं सगळ्यात वरचं घर त्याचं, कड्याला टेकलेलं. बाप नव्हता, आई होती. आम्ही दोघंही एकोणिसाचे होतो त्या साली पाणी फार कमी होतं. डोंगर आणि खालची वाडी यांच्या सामाईक टाक्यावर पाळीवरून भांडण पेटलं. आमच्या बाजूनं तिघांनी बंदुका झाडल्या. वाडीचा जुब्रान पडला, तो उठलाच नाही.

गोळी कुणाची, हे डोंगरात माहीत होतं आणि वाडीतही. शाइफची. पण तोंडानं कुणी बोललं नव्हतं, आणि त्या न बोलण्यावरच त्याचा जीव टिकून होता. नाव नाही तोवर खून अख्ख्या गावाचा, आणि गाव बैल घेऊन दुसऱ्याच्या दारात माफी मागायला जाऊ शकतं. चारचौघांत एकदा नाव निघालं की खून त्या माणसाचा. मग मयताच्या भावाला त्याला मारावंच लागतं. नाही मारलं तर घरातल्या बायका त्याच्या पुढ्यात चात्या टाकतात, बस म्हणतात सूत कातत.

हाजी मुसइद आमच्यात जुने. चार महिने त्यांनी वाडीला खेपा घातल्या आणि समेट जुळवला. दिवस ठरला. आम्ही साठजण दोन बैल घेऊन उतरलो. उस्तादही आले, शिकलेला माणूस बरोबर असला की वजन पडतं. शाइफ वरच राहिला.

वाडीच्या तोंडाशी बंदुका काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. समोरून वाडीची माणसं रांगेनं जामिल म्हणत आली. जामिल म्हणजे दोनच ओळी, शंभर गळ्यांतून, पावलावर पाऊल टाकत म्हणायच्या. त्या बांधल्या होत्या वाडीच्या शेख दरहाननं:

ये रे शेजारच्या डोंगरा, अंगण झाडलंय तुझ्यासाठी काल;
कोकरू नेलेल्या ससाण्याला वरच्या कड्यावरच बांधून घाल.

आमच्या रांगेत सुटकेचा श्वास ऐकू आला. म्हणजे, पोराला वरच ठेवा, खाली आमच्या नजरेला पडू देऊ नका, आम्ही गप्प राहू. जुब्रानचा भाऊ साबित पहिल्या रांगेत होता. तोही म्हणत होता. डोळे मातीत, पण म्हणत होता.

बैल कापले गेले. सगळे शेखच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून बसले, तरतरीसाठी चघळायची क़ातची पानं गालात गेली. समेटाचा कागद लिहायचा बाकी होता. त्यासाठी जिल्ह्याचा नवा अधिकारी आलेला, शहरातला, आमची बोली त्याला अर्धीमुर्धीच समजायची. उस्तादांच्या कानाशी वाकून त्यानं हळूच विचारलं, "ते मघाशी ससाणा-ससाणा म्हणाले, ते काय होतं?"

हळू विचारलं होतं त्यानं. उस्तादांनी उत्तर दिलं ते वर्गातल्या आवाजात.

"सुंदर रूपक आहे, साहेब. पुस्तकातही असं सापडत नाही. कोकरू म्हणजे मयत जुब्रान. वरचा कडा म्हणजे गावातलं वरचं घर. आणि ससाणा म्हणजे त्या घरातला मुलगा, आमचा शाइफ. साम्य काय, तर..."

साम्यापर्यंत आल्यावर त्यांना ऐकू आलं की सगळ्या खोलीत ते एकटेच बोलतायत.

हाजी मुसइदांनी गालातला पाला हातावर थुंकला. "मास्तर," ते म्हणाले, "काय केलंत हे?"

साबित उठला. त्याला उठायचं नव्हतं. मी समोर होतो, मला दिसलं. त्यानं शेख दरहानकडं बघितलं. शेखनं कमरेच्या वाकड्या खंजिराच्या, जंबियाच्या, मुठीवर हात ठेवून मान वळवली. नाव साठ पाहुण्यांनी ऐकलं होतं आणि भिंतीपलीकडं बायकांनीही. आमच्या बंदुका त्यांनी बाहेर आणून दिल्या. कागद लिहिला गेला नाही.

सदतिसाव्या दिवशी शाइफ पिठाचं पोतं पाठीवर घेऊन चढत होता. सकाळचे आठ वाजले असतील. गोळी पोत्यातून आरपार.

उस्ताद त्याच्या घरी गेले तेव्हा शाइफच्या आईनं दार उघडलं नाही. ते दुपारपर्यंत उंबऱ्यापाशी बसले आणि उतरून आले. रजा त्यांनी घेतली नाही. शाळेत यायचे, रकाने आखायचे, आणि बऱ्याचदा ते रिकामेच ठेवून खिडकीत उभे राहायचे.

हिवाळ्यात वाडीचे लोक बैल घेऊन आमच्या दारात आले. आता माफी त्यांनी मागायची होती. त्यांची जामिल अशी होती:

आभाळ आमचं, वीज आमची, कुठल्या ढगाची विचारू नको;
बैल आणलेत उंबऱ्याशी, दार लावून बसू नको.

हाजी मुसइदांनी नाव न विचारता दार उघडलं. गाव थकलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात शाइफची आई शाळेत आली. मी तेव्हा तिथं शिपाई म्हणून लागलो होतो, फाटकावर होतो. तिच्या मागं तिचे दोन भाऊ, खांद्यावर बंदुका. ते वर्गाच्या दारात थांबले, ती आत गेली. मी धावत गेलो, पण तिला अडवायची माझी छाती झाली नाही.

"उस्ताद," ती म्हणाली, "त्यांचं उघडून सांगितलंत. आता माझं सांगा. ढग कोण?"

उस्तादांच्या हातात खडू होता. "शाइफच्या आई, घरी चला. मी येतो तुमच्याबरोबर."

"घरी काय हाय? हितं सांगा. माझ्या भावांना ऐकू द्या. नाव कानावर पडल्याबिगर ते उठायचे न्हाईत. म्हणत्यात, आक्का, समेट झालाय."

"मला नाही कळत त्याचा अर्थ."

"बावीस वर्षं पगार कशाचा खाल्लात मग?"

भाऊ उंबऱ्यातून आत सरकले. त्यांनाही ढग कोण ते ठाऊक होतं. ते वाट बघत होते.

पहिल्या बाकावर आठवीतली तकिय्या होती, वर्गात सगळ्यात हुशार. तिनं हात वर केला.

"खाली घे," उस्ताद म्हणाले.

"मला येतंय, उस्ताद. दुसऱ्या रकान्यात..."

उस्तादांनी तिच्या तोंडात मारली. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला छडीसुद्धा लावली नव्हती. पोरीचा ओठ फुटला. ती वर केलेला हात खाली घ्यायचं विसरली.

शाइफच्या आईनं ते पाहिलं. "म्हंजे येतंय तुम्हाला," ती म्हणाली, आणि बाहेर पडली. भाऊ क्षणभर थांबले, मग तिच्या मागं गेले, बंदुका खांद्यावर तशाच ठेवून.

उस्तादांनी तकिय्याचा हात धरून हळूच बाकावर टेकवला.